७ महिन्यांचं बाळ घेऊन एकटीने मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, आणि एक हात मोकळा

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: बाळंतपणाला पुण्याला माहेरी आलीस, नवरा सुट्टी संपवून परत गेला, बाळ आता ७ महिन्यांचं झालंय आणि तुला त्याला घेऊन एकटीने सॅन फ्रान्सिस्कोला जायचंय. सासूबाई म्हणतायत वर्षाचं होऊ दे मग जा, आईला सोबत यायचंय पण तिच्याकडे व्हिसा नाही. डायरेक्ट घेऊ की मधे थांबून जाऊ, आणि बाळ विमानात रडतच राहिलं तर काय करू.

मी ११ वर्षं लांब पल्ल्याच्या फ्लाइट्सवर केबिन क्रू होते, नंतर माझ्या दोन्ही मुलांना घेऊन हाच प्रवास एकटीने चार वेळा केला, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय. आधी सासूबाईंचा मुद्दा. त्यांची काळजी खरी आहे पण हिशोब उलटा आहे. ७ महिन्यांचं बाळ अजून चालत नाही, मुख्य खाणं दूधच आहे, आणि बॅसिनेटमधे, म्हणजे विमानात समोरच्या भिंतीला लावतात त्या छोट्या पाळण्यात, मावतं. वर्षाचं बाळ नुकतं पाय फुटलेलं असतं, त्याला सारखं खाली उतरायचं असतं, बॅसिनेटमधे पाय दुमडून झोपत नाही आणि मांडीवर १६ तास बसायची त्याची तयारी नसते. म्हणजे जायचंच असेल तर आत्ता जा. फक्त निघायच्या आठवड्यात बाळाला सर्दी झाली असेल किंवा कान दुखत असेल तर डॉक्टरांना कान दाखवल्याशिवाय निघू नको, आणि गोवराच्या लसीबद्दल पण विचार. आपल्याकडे ती ९ महिन्यांना देतात पण ६ ते ११ महिन्यांचं बाळ परदेश प्रवास करणार असेल तर एक डोस आधी द्यावा असा अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे, आणि तो निघायच्या दोन आठवडे आधी झालेला बरा.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. रडण्याची भीती प्रत्येकीला असते, पण अडचण रडण्याची नसते गं, हातांची असते. दोन हात, त्यातला एक कायम बाळाखाली, उरला एक. त्या एका हाताने पासपोर्ट काढायचा, बाटलीचं झाकण उघडायचं, बॅग ओढायची, जेवायचं, बाथरूमचं दार लावायचं. मी फ्लाइटवर अशी आई बघितलीय जी ९ तास बाथरूमला गेली नव्हती, पाणी पण पीत नव्हती की जावं लागू नये म्हणून, आणि बाळ अंगावर पिणारं होतं. मी विचारलं तेव्हा तिला रडूच फुटलं. बाळ मस्त झोपलं होतं तिच्या खांद्यावर. म्हणून काहीही विकत घेताना, भरताना, ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचार, हे मला एका हाताने जमेल का. जमत नसेल तर ते घरी ठेव.

डायरेक्ट की थांबून? मिळत असेल आणि पैशात बसत असेल तर डायरेक्ट, यावर माझं ठाम मत आहे. लोक म्हणतात मधे दोहा किंवा दुबईला पाय मोकळे होतात, नवरा-बायको दोघं असतील तर होतात पण. एकटीला मधला थांबा म्हणजे अजून एक लँडिंग, अजून एक सिक्युरिटी, झोपलेलं बाळ उठवणं, स्ट्रोलर (बाबागाडी) परत मिळेल का नाही ते बघणं, आणि मुंबईहून आखातात पोचायला तीन साडेतीन तासच लागतात म्हणजे बाळ झोपतंय तोवर उतरायची वेळ. त्यानंतरचं विमान परत १५-१६ तासांचं असतंच, ते काही वाचत नाही. डायरेक्ट नाहीच मिळालं तर मधे तीन-चार तास असतील असं बघ, दीड तासाचं कनेक्शन एकटीने घेऊ नको. युरोपातून जात असशील तर ट्रान्झिट व्हिसाचे नियम तुझ्यासाठी आणि बाळासाठी वेगवेगळे तपास.

तिकीट काढताना बाळाचं तिकीट सोबतच काढ. २ वर्षांखालचं बाळ मांडीवर असेल तर आंतरराष्ट्रीय फ्लाइटला साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के आणि वर टॅक्स लागतो. तिकीट झालं की त्याच दिवशी एअरलाइनला फोन करून बॅसिनेट माग, नुसतं वेबसाइटवर टिक करून सोडू नको. बॅसिनेट फक्त भिंतीसमोरच्या सीट्सना लागतात, पूर्ण विमानात मोजकेच असतात, आणि वजनाची मर्यादा एअरलाइनप्रमाणे १० ते १४ किलोच्या आसपास असते, लांबीची पण असते, ती विचारून घे. मग निघायच्या आठवडाभर आधी परत फोन करून सीट नंबर तपास, आणि चेक-इनला लवकर जा, कारण आयत्या वेळी विमान बदललं की सगळ्या सीट्स हलतात. माझ्या मुलीच्या वेळी हेच झालं, कन्फर्म असलेलं बॅसिनेट काउंटरवर नाही म्हणाले, दुसऱ्या आईला गेलं होतं, आणि मी तो अख्खा प्रवास तिला मांडीवर घेऊन केला. झाला प्रवास पण खांदे आठवडाभर दुखत होते. म्हणून मनाची तयारी मांडीचीच ठेव.

त्या भिंतीसमोरच्या सीटचे तोटे पण ऐक. समोर सीट नाही म्हणजे बॅग पायाशी ठेवता येत नाही, टेक ऑफ आणि लँडिंगला सगळं वर जातं, आणि नेमकं तेव्हाच दूध लागतं. म्हणून दूध, लाळेरं आणि एक मऊ कापड एवढं तुझ्या अंगावर हवं, कमरेला छोटा पाऊच लाव. दोन सीटमधला हात वर होत नाही कारण टेबल आणि स्क्रीन त्यातच असतात. आणि सीट बेल्टचा दिवा लागला की बहुतेक एअरलाइन्समधे बाळाला बॅसिनेटमधून बाहेर काढावं लागतं, झोपलेलं असलं तरी. राग येतो, मला माहितीये, कारण ते सांगायला येणारी मीच असायचे. पण हवेचा खड्डा आला की बांधलेलं नसलेलं सगळं वर उडतं, बाळ पण. याच कारणासाठी बाळाला पायाशी जमिनीवर चादर टाकून झोपवू नको, बऱ्याच जणी झोपवतात. तिथे ऑक्सिजन मास्क पोचत नाही. सीट्सच्या एका गटात साधारण एकच जादा मास्क असतो, म्हणूनच दोन बाळं शेजारी शेजारी बसवत नाहीत.

बेल्टचं पण सांगते कारण हे कोणी नीट समजावत नाही. बऱ्याच एअरलाइन्स बाळासाठी वेगळा छोटा बेल्ट देतात जो तुझ्या बेल्टमधे अडकतो. अमेरिकन एअरलाइन्सवर तो देत नाहीत, तिथे बाळ हातात धरायचं. पण तुझा बेल्ट बाळाच्या वरून कधीच लावायचा नाही, झटका बसला तर तुझं सगळं वजन त्याच्या पोटावर येतं. तसंच पोटाशी बांधायचं कॅरिअर टेक ऑफ-लँडिंगला बहुतेक ठिकाणी सोडायला लावतात. बाकीच्या वेळी मात्र कॅरिअर हीच तुझी सगळ्यात मोठी सोय आहे, दोन्ही हात मोकळे. घरी महिनाभर आधीपासून त्यात फिरव म्हणजे सवय होईल, आणि झोपलं की बघत जा, हनुवटी छातीला टेकलेली नको, नाक-तोंड उघडं दिसायला हवं. तुला गाढ झोप लागतेय असं वाटलं तर बाळ बॅसिनेटमधे ठेव किंवा क्रूला सांगून ठेव.

कागदपत्रं. बाळाचा स्वतःचा पासपोर्ट आणि त्यावर व्हिसा हे झालंच असेल. सोबत जन्मदाखला मूळ प्रत ठेव, विशेषतः तुझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर, कारण बाळाच्या नावात वडिलांचं नाव आणि सासरचं आडनाव आणि तुझं नाव कुठेच जुळत नाही, अशा वेळी काउंटरवर प्रश्न येऊ शकतो. नवऱ्याकडून एक नोटराइज्ड पत्र घे की माझी बायको आमच्या बाळाला घेऊन अमुक तारखेला प्रवास करतेय त्याला माझी संमती आहे, खाली फोन नंबर. एका पालकासोबत मूल असेल तर असं पत्र जवळ ठेवावं असं अमेरिकेचं कस्टम्स खातं स्वतःच सुचवतं. हे सगळं एका पारदर्शक पाऊचमधे, गळ्यात.

मुंबईला रात्रीची फ्लाइट असेल तर पुण्याहून दुपारीच निघ, एक्सप्रेसवेवर घाटात ट्रक बंद पडला की तासन् तास जातात आणि गाडीत रडणाऱ्या बाळासोबत घड्याळ बघणं फार वाईट. शक्य असेल तर आदल्या दिवशी मुंबईत कोणाकडे मुक्काम कर. आणि हे लक्षात ठेव की आई-बाबा टर्मिनलच्या दारापर्यंतच, आत फक्त तिकीटवाले. म्हणजे खरा एकटीचा प्रवास विमानात नाही, त्या दारापाशी सुरू होतो. ट्रॉली, दोन मोठ्या बॅगा, बाळ. तिथे पैसे भरून मदतनीस घेता येतो, मुंबईला प्रणाम नावाची सर्व्हिस आहे, तो चेक-इनपासून गेटपर्यंत सोबत असतो. हे पैसे मी कुठल्याही महागड्या स्ट्रोलरपेक्षा योग्य जागी घातलेले समजते. ते नको असेल तर निदान एअरलाइनच्या काउंटरवर स्पष्ट सांग की मी एकटी आहे, बाळ आहे, मला सिक्युरिटीपर्यंत मदत लागेल. माग. आपल्याकडे मुलींना मागायला संकोच वाटतो, पण न मागता कोणाला कळत नाही.

सिक्युरिटी हा सगळ्यात अवघड भाग. स्ट्रोलर घडी करून मशीनमधे, कॅरिअर काढायला सांगतात, म्हणजे बाळ एका हातात आणि बाकी सगळं दुसऱ्या हाताने ट्रेमधे. म्हणून लॅपटॉप शक्यतो आणूच नको, दागिने बांगड्या घरी, बूट असे की नुसता पाय सरकवला की निघतील, आणि पाठीवर एकच सॅक. खांद्यावरची पर्स अजिबात नको, ती बाळ वाकून घेताना दर वेळी पुढे येते. बाळाचं दूध, उकळून गार केलेलं पाणी, पेज याला १०० मिलीची मर्यादा लागत नाही, प्रवासाला पुरेल एवढं नेता येतं, फक्त आधीच बाहेर काढून दाखव. स्ट्रोलर हलकाच घे, एका हाताने घडी होणारा, तो गेटवर देता येतो. उतरल्यावर तो विमानाच्या दारात मिळेल की सामानाच्या बेल्टवर ते देतानाच विचार.

सॅकमधे काय हे मी यादी करून देत नाही, एक पद्धत सांगते. दर वेळच्या बदलाचं एक एक पुडकं करायचं: एक डायपर, थोडे वाइप्स, एक कपड्यांचा जोड, आणि घाण कपडे घालायला तीच झिपची पिशवी. अशी चार, आणि बाकी डायपर सुटे. घर ते घर २४ तासांच्या पुढे जातं, दर दोन तासाला एक धरून वर थोडे जादा, म्हणजे १४-१५ लागतील. बाथरूमला जाताना पूर्ण सॅक न्यायची नाही, फक्त एक पुडकं. आणि तुझा स्वतःचा एक टॉप आणि एक पँट वरच्या बॅगेत नाही, सॅकमधे. बाळाने उलटी केली की निम्मी तुझ्यावर असते आणि हे सगळ्या विसरतात.

बाथरूमचं आता नीट. विमानात सगळ्या बाथरूममधे बाळाचं टेबल नसतं, दारावर बाळाचं चित्र असेल ते बघ, चढल्या चढल्या क्रूला विचार कुठलं. टेबल कमोडच्या वरती भिंतीतून खाली उघडतं, लहान असतं, त्यामुळे एक हात कायम बाळाच्या पोटावर. तुला स्वतःला जायचं असेल तेव्हा तीन मार्ग. बाळ बॅसिनेटमधे झोपलेलं असेल तर शेजारणीला सांगून जायचं. जागं असेल तर क्रूला विचार, जेवण वाटप चालू नसेल तर बहुतेक वेळा कोणी ना कोणी घेतं, मी शेकडो बाळं घेतलीयत आणि ते कामातलं सगळ्यात आवडतं काम होतं. आणि कोणीच नसेल तर कॅरिअरमधे बांधून घेऊन जा, त्यासाठी सलवारची नाडी नको, इलॅस्टिकची पँट हवी. वर पुढून उघडणारी कुर्ती आणि एक पातळ ओढणी, पाजायला सोपं पडतं. शेजारी पुरुष असेल आणि पाजताना अवघड वाटत असेल तर क्रूला हळूच सांग, जागा असेल तर बदलून देतात, कारण सांगावं लागत नाही.

कानांबद्दल. टेक ऑफला त्रास कमी होतो, खरा त्रास उतरताना. वर जाताना कानातली हवा आपली आपण बाहेर निघते, खाली येताना मात्र घशाला जोडलेली बारीक नळी उघडून हवा आत जावी लागते आणि ती गिळताना उघडते. म्हणून चोखणं महत्त्वाचं, अंगावर, बाटली, चोखणी, काहीही. पण वेळ चुकवू नको. लँडिंगसाठी तयार व्हा अशी अनाउन्समेंट होते तोवर विमान बरंच खाली आलेलं असतं. समोरच्या नकाशावर अर्धा-पाऊण तास उरला, इंजिनाचा आवाज मंदावला आणि नाक जरा खाली झुकल्यासारखं वाटलं की सुरू करायचं. सगळं दूध पहिल्या १० मिनिटांत संपवू नको, थोडं थोडं. गाढ झोपलं असेल तर त्या वेळी हलकेच उठव, झोपेत गिळणं कमी होतं.

झोपेचं औषध. हे मी जरा कडक बोलणार आहे. फेनरगन दे, सगळे देतात, असं तुला किमान तीन जण सांगतील. देऊ नको. त्यातलं प्रोमेथाझिन २ वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंद करू शकतं, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने त्यावर सगळ्यात कडक इशारा लिहायला लावलाय. विमानात हवेचा दाब आधीच ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, तिथे असा प्रयोग नको. आजी जायफळ उगाळून द्यायला सांगेल, त्याचं पण प्रमाण कोणाला मोजता येत नाही आणि जास्त झालं तर ते विषारीच असतं. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. तापाचं पॅरासिटॅमॉल मात्र हातातल्या बॅगेत हवं, आणि बाळाच्या वजनाप्रमाणे किती मिली ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घे कारण पहाटे तीन वाजता डोकं चालत नाही. सलाइनचे नाकाचे थेंब पण घे, केबिनची हवा फार कोरडी असते, पाजायच्या आधी एक एक थेंब घातला की नाक मोकळं होऊन बाळ नीट पितं.

दुधासाठी विमानातलं बाथरूमच्या नळाचं पाणी वापरायचं नाही, बाटलीबंद माग. गरम करायला क्रूकडे गरम पाण्याचा मग माग आणि त्यात बाटली ठेव, थेंब मनगटावर टाकून बघ, आणि हे भूक लागायच्या २० मिनिटं आधी माग कारण जेवणाची ट्रॉली बाहेर असली की आम्हाला मागे येताच येत नाही. आणि बाळ मांडीवर असताना चहा-कॉफी घेऊ नको, कितीही तलफ आली तरी. भाजलेलं बाळ मी एकदा बघितलंय, शेजाऱ्याच्या कपातला चहा होता तो. तुझं जेवण क्रूला सांगून मागाहून घे, बाळ झोपल्यावर, ते ठेवतात. पाणी मात्र भरपूर पी.

नाचणीचं सत्त्व, भाताची पेज वगैरे सुरू केलं असशील तर विमानात नवीन काहीच देऊन बघू नको, रोजचंच दे. अमेरिकेत उतरताना उरलेलं केळं-चिकू विमानातच टाक, ताजी फळं आत नेता येत नाहीत, आणि बाळाचं बाकी जे काही खाण्याचं असेल ते सगळं डिक्लेअर कर.

आणि रडलं तर. रडेल गं, थोडं रडेलच. क्रमाने बघायचं, भूक, डायपर, ढेकर, गरम होतंय का, कान, आणि मग फक्त कंटाळा. उठून मागच्या गॅलीपाशी, म्हणजे क्रूच्या छोट्या स्वयंपाकघरापाशी जा, तिथे इंजिनाचा घूं घूं आवाज जास्त असतो, बरीच बाळं त्यातच शांत होतात. उभी राहून झुलव, ओवी म्हण, अंगाई म्हण, घरी जी म्हणतेस तीच. सहप्रवाशांची माफी मागत फिरू नको आणि कोणाला चॉकलेटं वाटत बसू नको, तो हात बाळाला लागणार आहे. इतक्या वर्षांत मला जे दिसलं ते असं की विमानात कुरकुरणारे दोन-चार असतात आणि मदत करायला तयार असलेले कितीतरी जास्त, फक्त ते तुझ्या डोळ्यांकडे बघत असतात आणि तू खाली बघत असतेस. एखादी काकू म्हणाली दे इकडे जरा, तर समोरच बसलीय, दे तिच्याकडे आणि डबा उघडून जेवून घे.

पोचल्यावर नवऱ्याला सांग कार सीट बसवूनच एअरपोर्टला ये, तिथे त्याशिवाय बाळाला गाडीत घेता येत नाही. घड्याळ साडेबारा-साडेतेरा तास उलटं होईल, बाळ पहिले चार-पाच दिवस रात्री दोनला टक्क जागं असेल. तेव्हा दिवे मंद, बोलणं कमी, खेळणी नाहीत, आणि सकाळ झाली की कितीही झोप आली तरी दोघांनी बाहेर उन्हात. रात्रीची पाळी त्या आठवड्यात नवऱ्याची, हे निघायच्या आधीच फोनवर ठरवून टाक.